यंत्राखालची फळी

जुने पायमशीन घरात असले की त्याच्या टेबलावर हात फिरवत कोणीतरी हमखास म्हणते, हे अस्सल लाकूड, म्हणून शंभर वर्षे टिकले. आता असे भरीव लाकूड मिळत नाही. या कौतुकातला टिकाऊपणाचा भाग खरा आहे, पण त्याचे दिलेले कारण चुकीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत आणि युरोपात लाखोंच्या संख्येने बनलेल्या शिलाई यंत्रांच्या टेबलांची वरची फळी आणि वरचे घुमटाकार झाकण हे बहुतेक वेळा भरीव नसतेच. पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून ते केलेले असते. माझे म्हणणे असे की ही टेबले टिकली ती भरीव नसल्यामुळेच, आणि गोरगरिबांच्या घरात पोहोचली तीही त्याच कारणाने. फर्निचरच्या इतिहासात वाकवलेल्या लाकडासाठी व्हिएन्नाच्या थोनेटचे नाव येते, प्लायवूडसाठी फिनलंडच्या आल्व्हार आल्टोचे आणि अमेरिकेच्या ईम्स दांपत्याचे येते. आल्टो आणि ईम्स यांच्या कित्येक दशके आधी प्लायवूडचे हेच तंत्र रोजच्या कष्टाच्या वस्तूसाठी वापरणाऱ्या कारखान्यांची मात्र तिथे जेमतेम नोंद असते. त्या कारखान्यांच्या कामाचे मोल नीट व्हावे, एवढ्यासाठी हा लेख.

आरंभी या यंत्राला टेबल असे नव्हतेच. आयझॅक सिंगर यांना त्यांच्या यंत्राचे पेटंट १२ ऑगस्ट १८५१ रोजी मिळाले. ते यंत्र ज्या लाकडी खोक्यात भरून पाठवले जाई, तेच खोके उघडून यंत्राची बैठक म्हणून वापरत. कारखान्यात शिवणाऱ्याला ते पुरेसे होते. घरात शिवणाऱ्या स्त्रीला हे खोके दिवाणखान्यात ठेवता येण्यासारखे नव्हते, आणि १८५०च्या दशकात व्हीलर अँड विल्सन या प्रतिस्पर्धी कंपनीने हलकी, नक्षीदार यंत्रे घरोघर विकायला सुरुवात केली, तेव्हा सिंगर कंपनीलाही यंत्राभोवतीच्या लाकडाचा विचार करणे भाग पडले. सुरुवातीला ही कपाटे बाहेरच्या फर्निचरवाल्यांकडून बनवून घेतली जात. ती सुतारकामाचे सुंदर नमुने होती आणि त्याच प्रमाणात महाग. तेच यंत्र साध्या टेबलावर घेतले तर एक किंमत, गुलाबी शिसवाच्या बंद कपाटात घेतले तर तिच्यापेक्षा पुष्कळ अधिक. कंपनीतले भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ मध्ये हप्त्यांवर विक्री सुरू केली आणि गिऱ्हाइकांची संख्या भराभर वाढली. १८५३ मध्ये कंपनीने अवघी ८१० यंत्रे विकली होती. १८७० मध्ये हा आकडा १,२७,८३३ वर गेला. एक लाखाहून अधिक यंत्रांना एक लाखाहून अधिक टेबले लागतात, आणि तेवढी टेबले घडवणे हाती रंधा घेतलेल्या सुतारांच्या आवाक्यातले नव्हते.

कंपनीने १८६८ मध्ये इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड या गावी स्वतःचा लाकूडकामाचा कारखाना काढला. त्यामागचे डोके लेटन पाइन यांचे. जागेची निवड विचारपूर्वक होती. आसपास काळ्या अक्रोडाची आणि ओकची दाट जंगले होती, सेंट जोसेफ नदीचे वाहते पाणी यंत्रे फिरवायला होते, आणि माल न्यायला रेल्वे होती. याच गावात स्टुडबेकर बंधूंचा गाड्यांचा आणि जेम्स ऑलिव्हर यांचा नांगरांचा कारखाना होता, म्हणजे लाकूड आणि लोखंड यांची सांगड घालणारे हात तिथे तयार होते. पुढे पोलंड, हंगेरी इथून आलेल्या स्थलांतरितांनी हा कारखाना भरला. १८८०च्या दशकात इलिनॉयमधल्या कैरो इथे, ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या संगमाजवळ, दुसरा लाकूड कारखाना उभा राहिला. यंत्र न्यू जर्सीत ओतायचे आणि टेबल हजारेक किलोमीटरवर इंडियानात कापायचे, ही व्यवस्था वरवर उफराटी वाटते. पण ओंडक्यात कचरा फार असतो. साल, भुसा आणि कापांचे तुकडे वाहून नेण्यापेक्षा तयार फळी वाहून नेणे स्वस्त. त्या काळच्या किमतीचा हिशेब करताना हा वाहतुकीचा भाग सहसा विसरला जातो.

आता खरी अडचण पाहू. शिलाई यंत्राचे टेबल हे इतर टेबलांसारखे नसते. त्याच्या ऐन पोटात मोठे भोक असते. सिंगरच्या पूर्ण आकाराच्या घरगुती यंत्राचा पाया साडेचौदा इंच लांब आणि सात इंच रुंद, आणि तो फळीच्या पातळीत बसवायचा, म्हणजे कापड अडखळत नाही. फळीचा सगळ्यात महत्त्वाचा भागच कापून टाकल्यावर उरलेल्या चौकटीवर बारा-चौदा किलोचे ओतीव लोखंड ठेवायचे. हे वजन स्थिर नसते. मिनिटाला काही शे टाक्यांच्या वेगाने ते थरथरते, खालच्या मोठ्या चाकावरून आलेली चामड्याची वादी त्याला खाली ओढते, आणि तेल घालण्यासाठी यंत्र मागे कलते केले की सगळा भार भोकाच्या मागच्या कडेवरच्या दोन बिजागऱ्यांवर येतो. शतक संपता संपता यंत्र फळीखाली लोंबकळत ठेवून वर झाकण घालायची पद्धत आली. तेव्हा तर तोच भार त्या दोन बिजागऱ्यांवर वर्षानुवर्षे राहू लागला. डाव्या बाजूला बिजागरीने जोडलेली पाटी उलगडली की तिच्यावर रजईचे किंवा कोटाचे वजन पडते, आणि ते फळीच्या टोकाला खाली खेचते.

इथे भरीव फळी घातली तर काय होते? लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. रेषांच्या दिशेने त्याच्या लांबीत जवळजवळ फरक पडत नाही, पण रेषांच्या आडव्या दिशेने ते चांगलेच फुगते आणि आकसते. पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीची ओकची साधी कापलेली फळी दमट उन्हाळा ते शेगडीने तापलेल्या खोलीतला कोरडा हिवाळा या एका फेऱ्यात सात-आठ मिलिमीटरने बदलू शकते. सात इंची भोकाच्या रुंदीत याच हिशेबाने सुमारे तीन मिलिमीटरचा फरक पडेल. म्हणजे एका ऋतूत यंत्र भोकात घट्ट अडकणार आणि दुसऱ्या ऋतूत सैल होऊन खडखडणार. शिवाय भोकाचे चार कोपरे म्हणजे चीर सुरू व्हायच्या चार जागा. भरीव फळीत ती चीर रेषांच्या दिशेने सरळ टोकापर्यंत जाते, तिला अडवणारे आत काहीच नसते. फळीला बाक आला तर वादीची ओळ बिघडते, वादी घसरते, पाय चालवणारीला ते यंत्राचे दुखणे वाटते आणि दोष असतो लाकडाचा. जुन्या कसबी सुतारांना हे सगळे ठाऊक होते. ते चौकट आणि तिच्यात मोकळी सरकणारी पाटी अशी रचना करून हा स्वभाव सांभाळत. पण प्रत्येक सांध्याला कुसू आणि खाच तासायची, तर दिवसाला किती टेबले होणार?

कारखान्यांनी उत्तर काढले ते थरांचे. मध्ये स्वस्त लाकडाचा गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेषांचे पातळ थर, आणि सर्वांत वर-खाली अक्रोडाचे किंवा ओकचे देखणे पान. सगळे सरसाने चिकटवून दाबाखाली वाळवायचे. प्रत्येक थर ज्या दिशेने फुगू पाहतो, त्या दिशेने शेजारचा थर त्याला धरून ठेवतो. भोकाच्या कोपऱ्यातून निघालेली चीर पुढच्या थराच्या आडव्या रेषांना अडते. बिजागरीचा स्क्रू कुठूनही घातला तरी त्याला एखाद्या थराचे उभे तंतू धरायला मिळतात. थरांची संख्या विषम ठेवायची, तीन किंवा पाच, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहते आणि फळी एका अंगाला वळत नाही. ही कल्पना कारखान्याने शोधली असा दावा मी करत नाही. न्यूयॉर्कच्या जॉन मेयो यांनी २६ डिसेंबर १८६५ रोजी असल्या थरांच्या रचनेचे पेटंट घेतले होते, आणि ओंडका फिरवत त्याचा सलग पापुद्रा सोलणारे यंत्र त्याच्याही आधीचे. पण पेटंट कागदावर असणे आणि रोजच्या वापरात, रोजच्या थरथरीत, लाखो घरांत ती रचना कसाला लागणे यांत फार अंतर आहे. ते अंतर शिलाई यंत्राने पार केले. अमेरिकेत मऊ लाकडाच्या प्लायवूडचा जन्म १९०५ च्या पोर्टलंड प्रदर्शनात झाला असे सांगतात. तोवर शिलाईच्या टेबलांनी हेच काम कठीण लाकडात करून दाखवले होते.

यंत्रावरचे ते वाकवलेले झाकण तर मला या सगळ्यातले सर्वांत सुंदर काम वाटते. पाच पाट्या जोडून डबा केला असता तर आठ कडांना सांधे आले असते आणि प्रत्येक सांधा उचलताना-ठेवताना ढिला झाला असता. इथे तीन पातळ थर सरस लावून साच्यावर वाकवले की एक बाजू, माथा आणि दुसरी बाजू असे सलग कवच तयार होते. उरते ते फक्त दोन टोके बंद करणे. वजन कमी, लाकूड कमी, सांधे कमी, आणि मजबुती मात्र अधिक. कमानीचा आकार शोभेसाठी आहे असे पाहणाऱ्याला वाटते, पण तो थरांना ताठ ठेवतो. कमी सामानात अधिक बळ मिळवणे हे जर चांगल्या रचनेचे लक्षण मानले, तर विसाव्या शतकातल्या नावाजलेल्या खुर्च्यांच्या पंगतीत या झाकणाला बसवायला मला जराही संकोच वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप त्या काळीच घेतला गेला होता, आणि तो नैतिक होता. आत हलके लाकूड आणि वर महागाचे पान, ही गिऱ्हाइकाची फसवणूक. इंग्लंडात तर वरचे पान चिकटवणे हेच खोट्या प्रतिष्ठेचे प्रतीक झाले होते. डिकन्सने १८६४-६५ च्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत नवश्रीमंत कुटुंबाला व्हेनियरिंग, म्हणजे असे पान चिकटवणे, हेच आडनाव दिले. हा आक्षेप मला पूर्णपणे फेटाळता येत नाही, कारण उत्पादकही आपल्या फळीचे थर मिरवत नव्हते. कडेला पट्टी लावून ते झाकतच होते. तरीही इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. वाईट फळीवर चांगले पान लावून तिचे वाईटपण लपवणे ही एक गोष्ट. फळीचे बळच थरांच्या दिशांतून निर्माण करणे ही दुसरी. पहिल्यात वरचे पान काढले तर खालचे काम तसेच चालते, दुसऱ्यात एक थर काढला की रचनाच ढासळते. शिवाय फसवणूक म्हणायची तर गिऱ्हाइकाला काहीतरी कमी मिळायला हवे. इथे त्याला भरीव फळीपेक्षा अधिक टिकाऊ वस्तू कमी पैशात मिळत होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टेबलाचे खरे काम ओतीव लोखंडाचे पाय आणि पायडल यांनी केले, लाकूड नुसते वर बसले. आणि स्वस्ताईचे श्रेय लाकडाला देण्याचे कारण नाही, कारण किमती पडल्या त्या १८५६ मध्ये एकत्र आलेल्या कंपन्यांच्या पेटंटांची मुदत १८७७ मध्ये संपल्यामुळे आणि धातूचे सुटे भाग यंत्रांवर बनू लागल्यामुळे. यातला दुसरा भाग मला मान्य आहे. मक्तेदारी संपली नसती तर टेबल कितीही स्वस्त झाले असते तरी यंत्र महागच राहिले असते. पण याच वस्तुस्थितीतून माझा मुद्दा निघतो. धातूचा भाग जसजसा स्वस्त होत गेला, तसतसे एकूण किमतीत लाकडाचे, आकारमानाचे आणि वाहतुकीचे ओझे ठळक होत गेले; तिथे बचत झाली नसती तर पेटंट संपल्याचा सगळा लाभ गिऱ्हाइकापर्यंत आलाच नसता. शतकाच्या वळणावर सीअर्स रोबकसारख्या टपालाने माल विकणाऱ्या कंपन्या पाच-सात खणांच्या ओकच्या टेबलासकट यंत्र शेतकऱ्याच्या घरी धाडत होत्या, ते याच बचतीवर. लोखंडाबद्दल सांगायचे तर पायडलचा रेटा लोखंड सोसते हे खरे. पण यंत्र आणि चाक यांच्यातले अंतर आणि पातळी राखते ती फळी. आणखी एक तर्क मला महत्त्वाचा वाटतो. हप्ते फिटेपर्यंत यंत्र कंपनीच्याच मालकीचे असे. हप्ते थकले की ते परत आणून पुन्हा विकावे लागे. ज्या वस्तूची मालकी विकल्यावरही वर्ष-दोन वर्षे आपल्याकडे राहते, तिची फळी सहा महिन्यांत तडकावी असे कुठल्याही कंपनीला वाटणार नाही. स्वस्त आणि मजबूत या दोन गोष्टी एकत्र येण्यामागे कारागिराच्या सचोटीइतकाच हा व्यवहारही होता असे मी मानतो.

तिसरा आक्षेप जुने टेबल दुरुस्त करणारे घेतात: थर सुटतात, कडा फुलतात, पान उचकटते. हे खरे आहे, आणि आपल्या पावसाळ्यात तर विशेष. पण दोष थरांच्या रचनेचा नसून त्यांना धरणाऱ्या सरसाचा. हाडा-कातड्यापासून काढलेला सरस कोरड्यात दगडासारखा आणि ओलाव्यात मऊ. १९३०च्या दशकात कृत्रिम रेझिनचे गोंद आले तेव्हा तीच रचना उघड्या हवेत आणि पाण्यातही टिकू लागली.

चौथा आक्षेप जंगलांचा, आणि तो सर्वांत कठीण आहे. आधी अक्रोड संपत आला, मग ओकची पाळी आली. कंपनी जंगलामागून दक्षिणेकडे आर्कान्सात ट्रूमनपर्यंत आणि उत्तरेकडे कॅनडातल्या क्यूबेकमध्ये थर्सोपर्यंत गेली. लुइझियानातल्या टेन्सास नदीकाठी तिने सुमारे ऐंशी हजार एकरांचे पाणथळ अरण्य घेऊन ठेवले. ते ‘सिंगर ट्रॅक्ट’ नावाने ओळखले गेले. हस्तिदंती चोचीचा प्रचंड सुतारपक्षी अमेरिकेत शेवटी तिथेच उरला होता. १९३५ मध्ये कॉर्नेलच्या आर्थर अॅलन यांनी तिथे त्याचा आवाज मुद्रित केला, जेम्स टॅनर यांनी पुढे तिथेच त्याचा अभ्यास केला. कंपनीने ते जंगल बरीच वर्षे तोडले नव्हते, पण १९३०च्या दशकाच्या शेवटी तोडीचे हक्क शिकागो मिल अँड लंबर कंपनीकडे गेले, पक्षीप्रेमींच्या विनंत्या व्यर्थ ठरल्या, आणि १९४४ नंतर तिथे तो पक्षी दिसल्याची सर्वमान्य नोंद नाही. थरांची फळी कमी लाकूड खाते हे टेबलागणिक खरे आहे; महागाच्या एका ओंडक्यातून भरीव फळ्या निघतील त्याच्या कितीतरी पट पाने निघतात. पण टेबलांची संख्याच लाखांवर गेली की ही काटकसर जंगलाला वाचवू शकत नाही. म्हणून मी स्वस्त टेबलाची बाजू घेतो ती घरापुरती. अरण्यापुरती ती घेता येत नाही, आणि तिथे झालेले नुकसान दुसऱ्या कशाने भरून निघालेले नाही.

आपल्याकडे या लाकडाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार मुंबईहून नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ पाहत. यंत्रे यायची ती मुख्यतः स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यातून. या कारखान्याचे लाकडाचे आवार इतके मोठे होते की मार्च १९४१ च्या जर्मन बाँबहल्ल्यात ते पेटले तेव्हा सारा परिसर उजळून निघाला. आपला शिंपी मांडी घालून बसणारा, घरातली स्त्रीही जमिनीवर बसून शिवणारी. तिला खणांचे उंच कपाट काय कामाचे? म्हणून इथे घरोघर गेले ते हातमशीन. त्याचे लाकूडकाम म्हणजे खालचा लाकडी पाट आणि वरचे वाकवलेले झाकण. काम झाले की झाकण घालून मूठ धरून ते फडताळात किंवा खाटेखाली. अमेरिकेत जे काम कपाट करी, ते इथे त्या तीन थरांच्या झाकणाने केले. पायमशीन बाजारातल्या शिंप्याच्या ओट्यावर आले, आणि १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने उषा यंत्रे काढल्यावर हळूहळू मध्यमवर्गीय घरांतही शिरले.

देशी यंत्रांनी सिंगरच्या पायाचे तेच माप ठेवले, आणि याचा लाभ फार मोठा झाला. यंत्र बदलले तरी टेबल तेच राहते, टेबल मोडले तर यंत्र दुसऱ्यावर बसते, आणि तालुक्याच्या गावातला सुतारही मापाची फळी कापून देऊ शकतो. आजची फळी उघडपणे प्लायवूडची असते, वर सनमायका. म्हणजे एकेकाळी कडेला पट्टी लावून लपवलेली रचना आता लपवावी लागत नाही. तरीही दोन-तीन पावसाळ्यांत फुगलेली टेबले आपल्याकडे जागोजागी दिसतात. त्यांत बिघडते ते सनमायकाखालचे पृष्ठ नसते. बिघडते ती भोकाची आतली कड. वरून सनमायका, चारी बाजूंनी पट्टी, आणि जिथे तेल गळते, ओला हात लागतो, बिजागरीचे स्क्रू जातात, तीच कड कोरी सोडलेली. ओलावा सोसणारे प्लायवूड आपल्या बाजारात मिळते आणि त्याची भारतीय मानकेही ठरलेली आहेत. शासकीय आणि सामाजिक योजनांतून स्त्रियांना वाटल्या जाणाऱ्या यंत्रांच्या खरेदीत यंत्राचे मॉडेल जसे लिहून मागितले जाते, तसा फळीचा दर्जा आणि भोकाच्या कडेला गोंदाचा किंवा वॉर्निशचा हात, या दोन ओळीही लिहून मागता येतील.